कागदवालीचा शेवट आसगावच्या मंडईत

जगाची संस्कृती बुडवल्याचा आरोप माझ्यावर झाला तो माझ्याच ओसरीत, माझाच चहा पिता पिता. आरोप करणारे पुण्याकडचे एक प्राध्यापक. आमच्या झाडीपट्टीतल्या लोककलांवर काम करायला आले होते. मी आरोपी, पेशानं केबलवाला, मुक्काम आसगाव, तालुका पवनी. साक्षीदार माझी बायको सुनंदा. ती दारात उभी राहून हसत होती.

सर म्हणाले, चार-दोन बड्या कंपन्या सगळ्या पृथ्वीला एकच गोष्ट दाखवतात. हळूहळू सगळी माणसं सारखेच कपडे घालतील, सारख्याच विनोदांना हसतील, सारखीच स्वप्नं पाहतील. याला त्यांनी 'सांस्कृतिक साम्राज्यवाद' म्हटलं. मी तो शब्द तोंडात दोनदा घोळवून पाहिला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी वायरी ओढतो.

"मंग या साम्राज्याचा इकडचा सुभेदार कोन, सर?" मी विचारलं.

"तुम्हीच," सर म्हणाले.

"पुस्तकात ह्यायचं नाव छापान काय?" सुनंदानं विचारलं.

थट्टा बाजूला ठेवतो. आमचा धंदा काय असतो ते शहरातल्या वाचकांना आधी सांगायला हवं. सुरुवातीला गच्चीवर आठ फुटांची जाळीची डिश असायची. आकाशातून आलेलं चित्र ती गोळा करायची, खालच्या खोलीतली यंत्रं ते नीट करायची आणि तिथून काळी वायर घराघरात जायची. वायर लांब गेली की चित्र अशक्त होतं, म्हणून मध्ये मध्ये त्याला जोर देणारी डबडी बसवायची. त्या डबड्यात पाल शिरली की अर्धं गाव अंधारात आणि माझ्या आईचा उद्धार. पुढे टीव्हीपाशी सेट-टॉप डबा आला, पॅकेज आलं, चित्र वरच्या कंपनीकडून तयार येऊ लागलं. माझी डिश निकामी झाली. सुनंदा तिच्यावर उन्हाळ्यात पापड वाळवू लागली.

हा धंदा माणसाला लोकांच्या घरात थेट आतपर्यंत नेतो. डॉक्टरालाही बाहेरच्या खोलीत बसवतात. केबलवाल्याला टीव्हीपर्यंत जावंच लागतं. त्यामुळे कोण काय पाहतं, हे या पंचक्रोशीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. शेजारच्या कोंढ्याला एक म्हातारे शेतकरी होते. रोज दुपारी इंग्रजी बातम्या लावून बसायचे. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. एकदा ते चॅनेल गेलं तर सायकल हाकत माझ्याकडे आले. मी विचारलं, कायले पायजे तुमाले ते? म्हणाले, "ते बाई हळू बोलते गा. मले झोप लागते. आपल्यातले तं भांडून राहिलेत नुसते."

हे मी सरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. आणि खरं सांगू? माझंही नव्हतं झालं. कारण सरांचा आरोप अगदीच खोटा नव्हता. आमच्याकडे कोणी कधी चाळणीतून चंद्र पाहिला नव्हता. माझी वायर गेल्यावर बायका गव्हाच्या चाळण्या घेऊन गच्चीवर चढू लागल्या. हळदीला सगळ्यांनी पिवळं नेसायचं, वाढदिवसाला केक कापून तोंडाला फासायचा, हे सगळं माझ्या वायरीतून आलं. त्यातलं फारसं साता समुद्रापलीकडचं नव्हतं, मुंबईचंच होतं. सगळ्यात जास्त लागलं ते मात्र आपल्याच मराठी मालिकांनी. गोरे गोरे लोक सोफ्यावर बसून गुळगुळीत मराठी बोलायचे, आणि आमच्या बोलीतला माणूस दिसलाच तर तो गडी किंवा चोर. दोन-तीन वर्षांत शाळेतल्या पोरी आयांना टोकू लागल्या, 'मले' नाही म्हणायचं, 'मला' म्हणायचं. मग पाहुणे आले की आयाच गप्प बसू लागल्या. सर, साम्राज्याची शाखा जवळच असते, असं मी म्हणालो. तेही त्यांनी लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र मी सरांपासून लपवली. ती तुम्हाला सांगतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. नावावरून भाजीबाजार वाटेल, पण ती जत्रा असते. सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, पोरी पाहिल्या जातात, आणि भर दुपारी माणसांच्या कोंडाळ्यात खडी गंमत रंगते. मंच नाही, पडदा नाही, लिहिलेली वही नाही. शाहीर डफ घेऊन उभा राहतो, सोबत तुणतुणं, ढोलकी आणि बाईच्या वेशातला एक नाच्या. सगळं उभ्यानं आणि सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. आसगावचे शाहीर म्हणजे डोमाजी. आणि त्यांचा नाच्या म्हणजे, वाचकहो, हा तुमचा सेवक. सोळाव्या वर्षापासून मी त्यांच्या गमतीत लुगडं नेसून नाचलो. माझ्या मुरडण्यावर दोन तालुक्यांतल्या बायका जळत, असं मी म्हणतो. सुनंदा वेगळं म्हणते.

मग मी लुगडं सोडलं आणि डिश लावली. त्याबद्दल डोमाजी काही बोलले नाहीत. पण धंद्याच्या मस्तीत एका वर्षी मंडईच्या दिवशी, गमतीच्याच वेळी, मी केबलवर नवा कोरा सिनेमा लावला. अर्धं कोंडाळं उठून घरी गेलं. डोमाजी उरलेल्या तीस-चाळीस लोकांपुढे शेवटपर्यंत उभे राहिले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. वाटेत दिसलो की डफ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत आणि पुढे जात. असं पंधरा वर्षं.

तर सर आमच्या गावी आले होते ते डोमाजींचा डफ मागायला. शहरातल्या एका संग्रहालयात लोकवाद्यांचं दालन होत होतं. डोमाजींनी शब्द दिला होता: या मंडईला उभा राहीन, लोक थांबले नाहीत तर मंडईचा मोसम उलटला की डफ घेऊन जा. गेल्या वर्षी गमतीला सतरा माणसं होती, त्यातली चार डफ-ढोलकीवालीच. सर बिचारे दुःखानंच सांगत होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तो पुन्हा उचलायला विसरलो. हा डफ काचेत गेला तर तो मी घातला, हे मला कळत होतं.

मंडईला वीस दिवस उरले होते आणि माझ्याकडे काहीही युक्ती नव्हती. युक्ती आली ती वरच्या कंपनीच्या कृपेनं.

त्या काळात गावातल्या बायका एका कोरियन मालिकेनं वेड्या झाल्या होत्या. हिंदीत बोलणारी, जुन्या काळातली, राजेरजवाड्यांची. त्या लोकांची नावं कोणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून बायकांनी बारसं करून घेतलं होतं. नायिका कागद बनवणाऱ्याची मुलगी, ती 'कागदवाली'. तिचा नवरा 'लांबट्या'. सासू 'मोठी मालकीन'. लांबट्या लढाईवर जातो, तिकडून चिठ्ठ्या पाठवतो, सासू त्या लपवते आणि सुनेला सांगते की तो मेला. दुपारी वाड्या-वस्तीवर टीव्हीपुढे वीस-पंचवीस जणी, आणि सगळ्या त्या टीव्हीशी बोलायच्या. मोठ्या मालकिणीला तर अशा शिव्या पडायच्या की त्या कोरियात ऐकू गेल्या असत्या तर दोन देशांचे संबंध बिघडले असते.

एका बुधवारी मालिका येऊन थांबली ती अशी: बर्फ पडतंय, लांबट्या एक पाय ओढत घराच्या फाटकाशी आलाय, सासू आतून अडसर धरून उभी आहे, आणि कागदवाली पाण्याचं भांडं घेऊन अंगणात येतेय. बस. गुरुवारी ते चॅनेलच पॅकेजमधून गेलं. वरच्या कंपनीचं काही फिसकटलं. मी फोन केले, उत्तर मिळालं, येणार नाही.

शुक्रवारी सकाळी माझ्या अंगणात चाळीसेक बायका उभ्या होत्या. पुढे कौसाबाई. सत्तरीच्या, दोन सुनांच्या सासू, अक्षरओळख नाही, पण सगळ्या गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी मला विचारलं, "मुरली, ते उघडते का नाई फाटक?"

"मले काय ठाऊक, मावशी?"

"तं कोनाले ठाऊक?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डोमाजी शाहिराले. त्यानं पाह्यला हाय शेवट. मंडईत सांगन म्हनते."

धादांत खोटं. डोमाजींच्या घरी टीव्हीच नव्हता. पण बायका शांतपणे पांगल्या, दुपारपर्यंत बातमी कोंढ्याला पोचली आणि संध्याकाळी मी पंधरा वर्षांनी डोमाजींच्या अंगणात उभा होतो. ते बाजेवर बसून डफाचं कातडं गोवरीच्या आगीवर शेकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणालो, शाहीर, माझी चूक आहे, पण एवढ्या बायका येतील, तुम्ही फक्त उभे राहा. त्यांनी डफ फिरवून दुसरी कड शेकली. मग त्यांनी डफावर एक थाप मारून पाहिली आणि विचारलं, "गोष्ट काय हाय?"

गोष्ट सांगायला मी पुरा पडणार नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बायकाच त्यांच्या अंगणात येऊ लागल्या. शाहिरांना सगळा शेवट माहीत आहे, पण सुरुवात त्यांनी चुकवली, अशी मी थाप ठोकून दिली होती. काय तो गोंधळ. एकीच्या मते लांबट्या कागदवालीला आधी बाजारात भेटला, दुसरीच्या मते नदीवर. एक म्हणे मोठी मालकीण मुळात वाईट नाही, सावत्र आहे. दोघी-तिघी तिच्यावर तुटून पडल्या. डोमाजी ऐकत होते आणि मधूनच भलतंच काही विचारत होते. त्या घरचं धान कोण कांडते? चिठ्ठ्या कुठं ठेवते सासू? जाळत काहून नाही? हे कोणी पाहिलंच नव्हतं.

अडचण उरली एकच. नाच्या. हल्लीचा नाच्या नागपूरला कंपनीत लागला होता, त्याला सुट्टी नव्हती. डोमाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं वय पन्नाशीपुढे, पोट डिशएवढं, आणि मिशा अशा की पवनीचा न्हावी त्यांचं उदाहरण द्यायचा. मी म्हणालो, शाहीर, लोक हसतील. ते म्हणाले, "हसाले पायजेच ना."

मंडईच्या सकाळी मी मिशा काढल्या. सुनंदानं स्वतःचं लुगडं नेसवून दिलं आणि नेसवताना तीन वेळा तिला खाली बसावं लागलं, हसण्यानं.

मंडईच्या दुपारी कोंडाळं किती मोठं होतं? मी आकडा सांगत नाही, लोक म्हणतील केबलवाला फुगवून सांगतो. एवढंच सांगतो की मागचे लोक बैलगाड्यांवर, त्यांच्यामागचे झाडांवर होते, आणि कोंढ्याची माणसं ट्रॅक्टर भरभरून आली होती. सर खुर्चीवर बसले होते, दहा मिनिटांत त्यांची खुर्ची कोणीतरी नेली. डोमाजींनी डफ उचलला आणि कोरियाचा राजवाडा आसगावच्या धुळीत उभा राहिला. ते स्वतः शाहीरही होते आणि उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला की मोठी मालकीणही. ढोलकीवाला लांबट्या झाला. मी कागदवाली. मी पहिली गिरकी घेतली तेव्हा जो हशा पिकला त्यानं माझं सगळं आयुष्य वसूल झालं. बर्फ पडायची वेळ आली तशी बायकांनी ओट्यांतून आणलेले मुरमुरे आमच्यावर उधळले. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. त्या ठरवून आल्या होत्या.

फाटक उघडलं. नवरा-बायको भेटले. मग डोमाजींनी गमतीच्या जुन्या रीतीप्रमाणे शेवट केला: कागदवाली सासूच्या पाया पडते, झालं गेलं विसरते. मी वाकलो.

"चूक," कौसाबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. ढोलकी थांबली. इथे बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. खड्या गमतीत शाहीर गोष्ट चुकला असं कोणा बघ्याला वाटलं तर तो उभा राहून 'चूक' म्हणू शकतो. मग शाहिरानं तिथल्या तिथे गोष्ट सुधारून त्याचं समाधान करायचं. नाही जमलं तर डफ खाली ठेवायचा. ही रीत मी लहानपणी ऐकली होती, वापरलेली कधी पाहिली नव्हती. डोमाजी ऐंशीला टेकलेले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला वाकलेल्या अवस्थेतून दिसत होता, आणि गर्दीतून सर टाचा उंचावून पाहत होते.

कौसाबाई म्हणाल्या, "सून काहून पाया पडन? तिनं काय केलं? आन् मले हे सांग शाहीर, मायनं आपल्याच पोराच्या चिठ्ठ्या काहून लपवल्या? ते काई तू सांगतलं नाई."

डोमाजी उभे होते, डफ छातीशी. मग त्यांनी हळूच पदर पुन्हा डोक्यावर घेतला. कमरेतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढावा तसा हात पुढे केला. हातात काही नव्हतं, पण आम्हाला सगळ्यांना तो गठ्ठा दिसला. आणि मोठ्या मालकिणीच्या आवाजात, एकही सूर न लावता, ते म्हणाले:

"मले वाचता येत नाई. हिले येते. माह्या पोराची चिठ्ठी पयले हे वाचन, मंग मले सांगन. नऊ मयने म्या वागवला त्याले. हे काल आली." थोडं थांबून म्हणाले, "जाळाले गेली तं हात जळला. म्हनून लपवल्या."

आणि तो नसलेला गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला. "वाच, बाई. मोठ्यानं वाच."

आता मला वाचायचं होतं. काय वाचणार? पण उभ्या उभ्या सुचलं नाही तर कसला नाच्या. मी एक चिठ्ठी उघडली आणि लांबट्यानं लढाईवरून आईला काय लिहिलं ते वाचलं. तळ्यात पाणी आलं काय? धानाचा रोवणा झाला काय? लाल गाय गाभण होती, तिचं काय झालं? माय, रात्री थंडी फार वाजते, तुझी वाकळ आठवते. माझ्या बायकोला सांग म्हणून काही लिहिलं नाही, कारण चिठ्ठी तीच तुला वाचून दाखवणार. मी एवढं वाचलं आणि पुढचं मला वाचवेना. समोर बायकांनी पदर तोंडाला लावले होते आणि माझ्या लुगड्याच्या पदराचंही काम वाढलं होतं.

सगळे कौसाबाईंकडे पाहत होते. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "हं. हे बरोबर हाय," आणि बसल्या.

त्यानंतर मैदानात जो जल्लोष झाला तो मी वर्णन करत नाही. मला खाली उतरूच दिलं नाही. मी मुरमुऱ्यांनी भरलेला, बिनमिशांचा, दोन माणसांच्या खांद्यावर होतो आणि डोमाजी मला खालून ओरडत होते की लुगडं सावर. पंधरा वर्षांत ते मला पहिल्यांदा रागावले होते.

त्या मोसमात डोमाजींना कागदवालीसाठी सात गावांची बोलावणी आली. कोंढ्यानं तर दोनदा बोलावलं. आणि दुपारच्या बायका शाहिरांच्या अंगणात येतच राहिल्या, आता पुढच्या गोष्टीच्या तालमीला. मध्यंतरी कौसाबाईंच्या नातीनं कुठूनतरी मोबाइलवर त्या मालिकेचा खरा शेवट शोधला आणि आजीला दाखवला. त्यात राजाचे शिपाई येतात, सासूला धरून नेतात, गोष्ट संपते. कौसाबाई मुद्दाम माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, त्या लोकांनी घाईत उरकलं. त्यांना कोणी मधे टोकलं नसेल. आणि कोणाकडे पत्ता असेल तर आपला शेवट त्यांना कळवावा, असंही सुचवून गेल्या.

मोसम उलटल्यावर सर जीप घेऊन आले. ठरल्याप्रमाणे. डफ मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी आले, कारण आता त्यांना पुस्तकात एक प्रकरण वाढवायचं होतं. संग्रहालयातली एक काच मात्र रिकामी राहिली होती आणि वरून विचारणा होत होती. डोमाजींनी थोडा विचार केला आणि माझ्या गच्चीकडे बोट दाखवलं.

"ते न्या ना, सर. ते आता काई कामाचं नाई."

माझी डिश. सुनंदानं पापड काढून घ्यायला अर्धा तास मागितला, तेवढीच काय ती हरकत. चौघांनी मिळून ती जीपवर बांधली. मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल. मी वर चढून शेवटचा बोल्ट स्वतः काढला आणि खाली येऊन सगळ्यांना चहा पाजला.

दालन उघडलं तेव्हा आम्हा दोघांना बोलावणं आलं. भंडाऱ्याला बस बदलून डोमाजी आणि मी गेलो. वीणा, सारंगी, पावे यांच्या रांगेच्या शेवटी, काचेमागे, स्वच्छ धुतलेली ती उभी होती. खाली पाटी: 'दूरचित्रवाणी ग्राहक, विसाव्या शतकाचा उत्तरार्ध, आसगाव, जि. भंडारा.' शाळेचा एक वर्ग रांगेनं येऊन ती पाहून जात होता. डोमाजी काचेसमोर हात मागे बांधून चांगला वेळ उभे राहिले. पाटी त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

मग त्यांनी खांद्यावरच्या डफाची दोरी नीट केली आणि म्हणाले, "चाल गा, चारची बस सुटन. तालमीले बाया वाट पाहून राहिल्या असतीन."